फाइलमधील कागद आणि रेझ्युमेवरील ओळ

आपल्या वसतिगृहात राहिलेल्या प्रत्येकाकडे एक प्लॅस्टिकची फाइल असते. शाळा सोडल्याचा दाखला, जातीचे प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र, अधिवासाचा दाखला, तहसील कार्यालयातून आणलेला उत्पन्नाचा दाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणि या सर्वांच्या साक्षांकित प्रती. यांतील एखादा कागद कमी पडला म्हणून शिष्यवृत्ती अडली, प्रवेश हुकला, अशा कथा आपण सर्वांनी ऐकल्या आहेत. काहींनी त्या भोगल्याही आहेत. त्यामुळे मिळेल तो कागद जपावा आणि मागणाऱ्यासमोर सगळेच्या सगळे ठेवावेत, ही सवय आपल्या हाडीमासी भिनलेली आहे. शासकीय कचेरीत ती उपयोगी पडते. माहिती तंत्रज्ञानाच्या क्षेत्रातील नोकरीसाठी रेझ्युमे लिहिताना मात्र हीच सवय आपल्या विरुद्ध जाते, असा आमचा अनुभव आहे.

आम्ही म्हणजे या शाळेतून बाहेर पडून पुणे, मुंबई, बंगळुरू येथे याच क्षेत्रात काम करणारे काही माजी विद्यार्थी. गेली काही वर्षे आम्ही आमच्या मागून आलेल्या भावंडांचे रेझ्युमे वाचून देतो. बीसीए, बीसीएस, डिप्लोमा किंवा अभियांत्रिकी पूर्ण केलेल्या मुलामुलींचे हे रेझ्युमे बहुधा दोन पानांचे असतात आणि त्यांतील अर्धे पान प्रमाणपत्रांनी भरलेले असते. एमएस-सीआयटी, टंकलेखन, एथिकल हॅकिंगची दोन दिवसांची कार्यशाळा, टाळेबंदीच्या काळात घरबसल्या दिलेल्या प्रश्नमंजूषांची सहभाग प्रमाणपत्रे, कुठल्याशा संकेतस्थळावरचे तीन तासांचे पायथन, आणि या सगळ्यांच्या मध्ये कुठेतरी, नऊ महिने रात्रीचा दिवस करून मिळवलेले सीसीएनए. वाचणाऱ्याची नजर या यादीवर काही सेकंदच टिकते. त्या वेळात त्याला एकच गोष्ट दिसायला हवी होती, आणि नेमकी तीच आपण गर्दीत हरवून टाकलेली असते.

या घोटाळ्याचे मूळ काही अंशी भाषेत आहे. मराठीत आपण सगळ्यालाच ‘प्रमाणपत्र’ म्हणतो. इंग्रजीत मात्र या क्षेत्रात ‘सर्टिफिकेट’ आणि ‘सर्टिफिकेशन’ असे दोन शब्द वापरले जातात आणि भरती करणारा माणूस त्यांत भेद करतो. पहिले सामान्यतः एवढेच सांगते की, तुम्ही अमुक अभ्यासक्रमास हजर होतात आणि तो पूर्ण केलात. दुसऱ्याचा अर्थ असा की, शिकवणाऱ्याहून वेगळ्या यंत्रणेने, ठरलेल्या मापदंडानुसार, देखरेखीखाली तुमची परीक्षा घेतली, तुम्ही ती उत्तीर्ण झालात, तुमच्या नावे एक क्रमांक नोंदला गेला आणि तिसरा माणूस ती नोंद तपासून पाहू शकतो. सिस्को, एडब्ल्यूएस, मायक्रोसॉफ्ट, रेड हॅट, कॉम्पटिया यांची प्रमाणपत्रे या दुसऱ्या जातीची आहेत. काही प्रकार मधले आहेत. आयआयटी आणि आयआयएससी यांच्या एनपीटीईएल अभ्यासक्रमात साप्ताहिक स्वाध्यायांना २५ टक्के आणि केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेला ७५ टक्के भार असतो. तिथे मिळवलेले ‘एलिट’ किंवा ‘गोल्ड’ हे निव्वळ उपस्थितीचे प्रमाणपत्र नव्हे, आणि ते गुणांसह रेझ्युमेवर लिहिण्याजोगे आहे.

हा भेद न कळल्याने काय होते, याचे एक उदाहरण सांगणे आम्हांस आवश्यक वाटते. आमच्या ओळखीच्या एका मुलीने पदवीनंतर शहरातील एका खासगी क्लासमध्ये क्लाउड तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम केला. फी भरण्यासाठी तिच्या आईने बचत गटातून कर्ज काढले होते. अभ्यासक्रम संपल्यावर क्लासने समारंभ केला, प्रमाणपत्र दिले. त्यावर सोनेरी किनार होती, संचालकांची सही होती आणि मोठ्या अक्षरांत एडब्ल्यूएसचे नाव होते. तिने रेझ्युमेवर लिहिले, ‘एडब्ल्यूएस सर्टिफाइड सोल्यूशन्स आर्किटेक्ट’. मुलाखत चांगली झाली, ऑफर लेटर आले. पुढे पूर्वपडताळणी करणाऱ्या संस्थेने तिच्याकडे प्रमाणपत्राचा पडताळणी क्रमांक मागितला. तिच्याकडे असा क्रमांक नव्हता, कारण एडब्ल्यूएसची परीक्षा तिने दिलेलीच नव्हती. क्लासच्या फीमध्ये परीक्षेची फी धरलेली नाही, हे तिला कुणी सांगितलेच नव्हते. कंपनीने ‘चुकीची माहिती दिली’ असा शेरा मारून ऑफर मागे घेतली.

ती खोटे बोलली नव्हती. तिला जे प्रमाणपत्र वाटले ते तिने प्रमाणपत्र म्हणून लिहिले. पण कंपनीच्या कागदांत अजाणतेपणासाठी वेगळा रकाना नसतो. ज्यांच्या घरी याआधी कुणी अशी नोकरी केलेली नाही, त्यांना हा फरक सांगणारे घरात कुणी नसते. म्हणून तो इथे इतक्या विस्ताराने सांगत आहोत. क्लासमध्ये घेतलेले शिक्षण वाया गेले असे अजिबात नाही. ते लिहावे, पण ‘प्रशिक्षण’ या शीर्षकाखाली आणि जसे आहे तसे: अमुक संस्थेत क्लाउड तंत्रज्ञानाचे इतक्या तासांचे प्रशिक्षण, अमुक महिना व वर्ष. ‘सर्टिफाइड’ हा शब्द परीक्षा घेणाऱ्या मूळ संस्थेने दिल्याखेरीज आपण स्वतःला लावून घेऊ नये. क्लासमध्ये नाव घालण्यापूर्वीही एकच प्रश्न विचारावा: शेवटी जो कागद मिळेल त्यावर सही कोणाची असेल, तुमची की परीक्षा घेणाऱ्या कंपनीची? उत्तर गोलमाल मिळाले, तर समजायचे ते समजावे.

आता प्रत्यक्ष लिहावे कसे, याकडे वळू. एका प्रमाणपत्राला एक ओळ पुरते. त्या ओळीत पूर्ण अधिकृत नाव, त्याचे रूढ संक्षिप्त रूप, देणारी संस्था, मिळाल्याचा महिना व वर्ष, आणि मुदत असल्यास ती संपण्याचा महिना व वर्ष एवढे यावे. उदाहरणार्थ: ‘सिस्को सर्टिफाइड नेटवर्क असोसिएट – सीसीएनए, सिस्को, मार्च २०२४ ते मार्च २०२७’. पूर्ण नाव आणि संक्षेप दोन्ही का, असे पुष्कळ जण विचारतात. मोठ्या कंपन्यांत आणि नोकरीच्या संकेतस्थळांवर रेझ्युमे आधी संगणक चाळतो. भरती करणाऱ्याने शोधचौकटीत ‘सीसीएनए’ टाकले आणि तुमच्याकडे फक्त लांब नाव असले, अथवा उलट झाले, तर तुमचा रेझ्युमे वर येईलच असे नाही. याच कारणासाठी प्रमाणपत्राचे बोधचिन्ह चित्र म्हणून चिकटवण्यात अर्थ नाही. माणसाला ते शोभिवंत दिसते, पण संगणकाला त्यातली अक्षरे बहुधा वाचता येत नाहीत. नावात आपल्या मनाने बदलही करू नये. ‘असोसिएट’ हा शब्द गाळला की पातळी उंच वाटते खरी, परंतु जाणत्या वाचकाला ती चलाखी तत्काळ कळते.

परीक्षेचा सांकेतिक क्रमांक म्हणजे प्रमाणपत्राचे नाव नव्हे, हेही लक्षात घ्यावे. सीसीएनएसाठी २००-३०१ ही परीक्षा द्यावी लागते. कॉम्पटियाच्या ए प्लससाठी एक नव्हे, दोन परीक्षा असतात. त्यांतील एक उत्तीर्ण होऊन ‘ए प्लस’ असे लिहिणारे रेझ्युमे आम्ही पाहिले आहेत. दोनपैकी एक पेपर सुटला म्हणजे पदवी मिळाली असे विद्यापीठातही कुणी म्हणत नाही.

मुदतीचा विषय आपल्याला वाटतो तितका परका नाही. जातीचा दाखला आयुष्यभर चालतो, पण उत्पन्नाचा दाखला मुदत संपली की पुन्हा काढावा लागतो, हे आपण लहानपणापासून जाणतो. या क्षेत्रातील बहुतेक प्रमाणपत्रे उत्पन्नाच्या दाखल्यासारखी आहेत. सिस्कोचे सीसीएनए, एडब्ल्यूएसची प्रमाणपत्रे, रेड हॅटचे आरएचसीएसए या सर्वांची मुदत ३ वर्षांची. कॉम्पटियाचे ए प्लस पूर्वी आजन्म मानले जाई. २०११ पासून मिळालेल्या प्रमाणपत्रांना ३ वर्षांची मुदत आली. मायक्रोसॉफ्टची रीत निराळी आहे: असोसिएट आणि एक्स्पर्ट पातळीची बहुतेक प्रमाणपत्रे १ वर्ष चालतात आणि मुदत संपण्यापूर्वी एक विनाशुल्क ऑनलाइन चाचणी दिली की पुढे वाढतात; ‘फंडामेंटल्स’ पातळीच्या प्रमाणपत्रांना मात्र मुदत नसते. विनाशुल्क असूनही केवळ ई-मेल न पाहिल्यामुळे ती चाचणी चुकवून पुन्हा फी भरलेले लोक आमच्यातच आहेत, नावे सांगत नाही.

मुदत संपलेले प्रमाणपत्र लिहूच नये, असे आमचे म्हणणे नाही. तुम्ही ती परीक्षा एकदा उत्तीर्ण झाला होता, हे सत्य आहे. ते कामाशी संबंधित असेल, तर ‘२०१९ ते २०२२’ अशी दोन्ही टोके लिहून ठेवावे. फक्त मिळाल्याचे वर्ष लिहून दुसऱ्या टोकाबद्दल मौन पाळणे, हे आम्हांस पटत नाही. वाचणारा ते चालू आहे असे समजतो आणि पडताळणीत उघडे पडते.

मुदत संपणे वेगळे आणि प्रमाणपत्रच बंद होणे वेगळे. आमच्यातील वडीलधाऱ्यांनी मायक्रोसॉफ्टचे एमसीएसई केले, तेव्हा त्या चार अक्षरांचा दबदबा होता. मायक्रोसॉफ्टने एमसीएसए, एमसीएसडी आणि एमसीएसई ही तिन्ही ३० जून २०२० रोजी बंद करण्याचे जाहीर केले आणि महासाथीमुळे ती तारीख ३१ जानेवारी २०२१ पर्यंत पुढे ढकलली. त्याजागी अझ्युअरसारख्या क्लाउड सेवांवरील आणि कामाच्या भूमिकेनुसार ठरवलेली प्रमाणपत्रे आली. सिस्कोनेही २४ फेब्रुवारी २०२० रोजी सीसीएनएच्या अनेक शाखा मिटवून एकच परीक्षा ठेवली. सन मायक्रोसिस्टिम्स २०१० मध्ये ओरॅकलच्या ताब्यात गेल्यावर जावाच्या ‘एससीजेपी’चे नाव बदलले. अशा जुन्या प्रमाणपत्राचे नाव आजच्या नावाशी जुळवून लिहिण्याचा मोह होतो. तसे करू नये. ज्या नावाने मिळाले त्याच नावाने, कोणत्या आवृत्तीसाठी मिळाले ते सांगून, वर्षासह लिहावे. पंधरा वर्षांपूर्वीचे विंडोज सर्व्हर २००३ चे ज्ञान आज थेट कामाचे नसेल, पण इतकी वर्षे हा मनुष्य सर्व्हरच्या सहवासात आहे एवढे त्यातून कळते.

नावापुढे पदव्या लावण्याची आपल्याकडे जुनी हौस आहे. घराच्या दारावरच्या पाटीवर ‘एम.ए., बी.एड.’ लिहिणाऱ्या पिढीने तो मान फार कष्टाने मिळवला होता, तेव्हा त्या हौसेला आम्ही हसणार नाही. परंतु रेझ्युमेच्या माथ्यावर, नावाशेजारी लावावीत अशी प्रमाणपत्रे या क्षेत्रात फार थोडी आहेत. नेटवर्क क्षेत्रातील सीसीआयई हे त्यांपैकी एक. ते मिळवणाऱ्यास स्वतंत्र क्रमांक मिळतो आणि तो नावासोबत लिहिण्याचा प्रघात आहे. प्रकल्प व्यवस्थापनातील पीएमपी आणि माहिती सुरक्षेतील सीआयएसएसपी ही आणखी दोन. यांतील सीआयएसएसपीचा नियम विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. ते देणाऱ्या आयएससी-टू या संस्थेची परीक्षा कुणीही देऊ शकतो. पण आठ विषयक्षेत्रांपैकी किमान दोन क्षेत्रांत मिळून ५ वर्षांचा सवेतन अनुभव असल्याखेरीज ते प्रमाणपत्र मिळत नाही. पात्र पदवी असल्यास १ वर्षाची सवलत आहे. अनुभव पुरा होण्याआधी परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यास ‘असोसिएट ऑफ आयएससी-टू’ म्हणवून घेता येते, सीआयएसएसपी मात्र म्हणवून घेता येत नाही. आमच्या एका धाकट्या मित्राने तीन वर्षांच्या अनुभवावर ही अवघड परीक्षा पहिल्या प्रयत्नात काढली आणि आनंदाच्या भरात नावापुढे ती अक्षरे लावली. आम्ही ती काढायला लावली तेव्हा तो दुखावला. परीक्षा तर मी दिली, असे त्याचे म्हणणे होते, आणि भावनेच्या दृष्टीने ते चुकीचे नव्हते.

अभ्यास चालू असलेल्या प्रमाणपत्राचे काय करावे? परीक्षेची तारीख नोंदवली असेल तर ‘परीक्षा नियोजित’ असे महिन्यासह लिहावे. तारीख नोंदवलेली नसेल तर लिहू नये. दोन वर्षे सलग ‘अभ्यास चालू’ अशी ओळ वाहणारा रेझ्युमे वाचणाऱ्याला नको ते सांगून जातो.

कोणते ठेवावे आणि कोणते गाळावे, याला एकच कसोटी आम्ही वापरतो: ज्या नोकरीसाठी अर्ज करतो आहोत तिची जाहिरात. तीत मागितलेले प्रमाणपत्र तुमच्याकडे असेल, तर ते रेझ्युमेच्या पहिल्या चार ओळींतच यावे. नवशिक्याच्या बाबतीत प्रमाणपत्रांचा भाग शिक्षणाच्या लगत, अनुभवी व्यक्तीच्या बाबतीत कामाच्या अनुभवानंतर. वरच्या पातळीचे मिळाल्यावर त्याच वाटेवरचे खालचे काढून टाकले तरी चालते. एमएस-सीआयटीविषयी नेहमी विचारणा होते. २००१ मध्ये सुरू झालेल्या या अभ्यासक्रमाने खेड्यापाड्यांतील लाखो हातांना प्रथम माउस धरायला शिकवले. आमच्यापैकी कित्येकांनी संगणक पहिल्यांदा तिथेच पाहिला. महाराष्ट्र शासनाच्या अनेक पदांच्या अर्जात ते किंवा त्याच्या तोडीचे प्रमाणपत्र लागते, तेथे ते अवश्य द्यावे. सॉफ्टवेअर कंपनीच्या अर्जात बीसीएसनंतर ते लिहिणे म्हणजे पदवीधराने चौथीची गुणपत्रिका जोडण्यासारखे आहे. कृतज्ञता मनात ठेवावी, ओळ काढावी.

लिहिलेल्या प्रत्येक ओळीवर प्रश्न येणार, हे गृहीत धरावे. चौदा प्रमाणपत्रे लिहिलेल्या एका मुलाची आम्ही सराव मुलाखत घेतली. त्यात नेटवर्किंगचे होते, म्हणून विचारले, की स्लॅश सव्वीस मास्कच्या सबनेटमध्ये किती यंत्रांना पत्ता देता येईल? हा या विषयातला पाढ्यांइतका प्राथमिक प्रश्न. ३२ बिटांपैकी २६ नेटवर्ककडे गेले, उरलेल्या ६ बिटांत ६४ पत्ते, त्यांतून नेटवर्कचा आणि ब्रॉडकास्टचा असे २ वजा, उत्तर ६२. तो गप्प राहिला. त्यानंतर इतर तेरांविषयी विचारण्याची आमचीच इच्छा उरली नाही, आणि खऱ्या मुलाखतीत समोरच्याचीही उरली नसती. म्हणून प्रमाणपत्राखाली एक उपओळ जोडावी, ज्यात त्या ज्ञानाने तुम्ही काय केले ते यावे: पॅकेट ट्रेसरवर तीन शाखांच्या कार्यालयाचे नेटवर्क उभारले, महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील लिनक्स सर्व्हर सांभाळला, असे काही. ही ओळ लिहिता येत नसेल, तर महिनाभर थांबून आधी ते काम करावे. आरएचसीएसएसारख्या परीक्षेत पर्याय निवडायचे नसतात, चालू यंत्रावर प्रत्यक्ष कामे करून दाखवावी लागतात. त्यामुळे ते मिळवलेल्या मुलांना ही उपओळ सहज सुचते असे आम्ही पाहिले आहे.

परीक्षेतील प्रश्नांचे चोरलेले संच व्हॉट्सॲपवर फिरत असतात, त्यांना ‘डम्प’ म्हणतात. ते वापरणे परीक्षेआधी मान्य केलेल्या कराराचा भंग ठरतो आणि उघडकीस आल्यास प्रमाणपत्र रद्द होऊ शकते, पुढील परीक्षांना बंदीही येऊ शकते. शिवाय वरच्या मुलासारखी अवस्था होते ती वेगळीच.

शेवटी एक किरकोळ वाटणारी, पण वारंवार अडवणारी बाब. परीक्षेची नोंदणी करताना खाते काढावे लागते. पुष्कळदा क्लासवाले सोयीसाठी स्वतःच्याच ई-मेलवरून सगळ्या मुलांची खाती काढतात. प्रमाणपत्र मिळते, क्लास संपतो, आणि तीन वर्षांनी नूतनीकरणाची सूचना क्लासच्या ई-मेलवर जाते. पडताळणीचा दुवा काढायचा तर पासवर्ड दुसऱ्याच्या हाती. खाते स्वतःच काढावे, स्वतःच्या कायमच्या ई-मेलवर काढावे, महाविद्यालयाने दिलेल्या ई-मेलवरही काढू नये, कारण तो पदवीनंतर बंद होण्याची शक्यता असते. खात्यातील नाव परीक्षेला न्यायच्या ओळखपत्रावरील नावाशी तंतोतंत जुळावे. आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, आणि मधले नाव कधी असते कधी नसते. नाव जुळले नाही तर परीक्षा केंद्राच्या दारातूनच परत यावे लागते आणि फी बुडू शकते. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी तर रेझ्युमे पाठवण्यापूर्वीच संबंधित संस्थेला ओळखपत्र व विवाह नोंदणी प्रमाणपत्राची प्रत पाठवून खात्यातील नाव बदलून घ्यावे, किंवा रेझ्युमेवर प्रमाणपत्राच्या ओळीतच पूर्वीचे नाव नमूद करावे. या वर्षी आमच्याकडे आलेल्या रेझ्युमेंपैकी दोन केवळ याच कारणाने पडताळणीत अडकले होते. दोन्ही मुलींची प्रमाणपत्रे खरी होती आणि चालूही होती. त्यांपैकी एकीचे नाव आता बदलून मिळाले आहे. दुसरीचा अर्ज अजून प्रलंबित आहे, आणि तोवर तिने रेझ्युमेवर दोन्ही नावे लिहिली आहेत.